खिळा

हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ.
मेहेंदळेबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
गोळ्या पुरे झाल्या. आता लोह थेट शिरेतून.
पाच बाटल्या, एक दिवसाआड.
पहिली इथेच, माझ्या डोळ्यांसमोर.
पुढच्या चार घरी की दवाखान्यात,
ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुमचं तुम्ही म्हणजे दिगंबरने.
वीजबिलाच्या पाठीवर त्याने हिशेब मांडला :
बिबवेवाडी ते टिळक रोड, रिक्षा जाऊन-येऊन,
लिफ्ट एक ते चार बंद, मजले तीन.
घरी येणाऱ्या एस्तेर साळवे सिस्टर
वेळेला सातशे जास्त घेतात,
पण आपला पलंग, आपली चादर, आपला पंखा,
असं म्हणत त्याने खाली दोन रेघा मारल्या.
मला विचारलं. मी म्हटलं, बघ तू.

पहिली बाटली काळपट होती,
उकळत ठेवून विसरलेल्या कोऱ्या चहासारखी.
तोंडात जुन्या नाण्याची चव आली.
समोरच्या भिंतीवर पाटी :
बाटली संपल्यावरच हाक मारावी.
सिस्टरना शुक् शुक् करू नये.

दुसरी घरी.
स्टँड कशाला, दिगंबर म्हणाला, खिळा आहे.
आहेच. अण्णांच्या वेळचा.
अकरा रात्री त्यावर बाटल्या लटकल्या,
बाराव्या दिवशी कुणीतरी कॅलेंडर अडकवलं,
आणि मी दुधाचे खाडे मांडत राहिले.
कॅलेंडर उतरलं तेव्हा भिंतीचा तेवढाच चौकोन
नवा कोरा निघाला.
लोखंडाच्या खिळ्यावर लोखंडाची बाटली.
एस्तेरने मनगटावर टिचक्या मारून शीर उठवली.
म्हणाली, ताई, आता अजिबात हलायचं नाही.

मी हलले नाही. घर हललं.
इस्त्रीवाला आला,
सुटे पैसे कपाटात, साड्यांखाली, डाव्या कोपऱ्यात.
सविताने दारातून विचारलं, भाजी कुठली?
मेथी निवड, म्हटलं.
मग देठ किती ठेवायचे तेही सांगितलं.
कुकरची तिसरी शिट्टी, गॅस बारीक कर गं.
आणि स्टुलावर दिगंबर, ओठ हलवत,
थेंब मोजत. मिनिटाला बत्तीस.
आता एकतीस.
अण्णांच्या उशाशी बसायचा, अगदी तसा.
चहा गार झाला त्याचा, साय धरली.
माझा एक हात उशीवर होता.
बाकीची मी ओट्यापाशी.

रात्री म्हटलं, उरलेल्या तीन तिकडेच घेते.
दचकला. का? काही त्रास झाला?
झाला तर काय, म्हटलं. रिअॅक्शन आली तर?
हे लगेच पटलं त्याला.
भीती पटते.
दुसरं जे कारण होतं
ते वीजबिलाच्या पाठीवर कुठल्या बाजूला लिहायचं
मलाच कळेना.
त्याने उठून कॅलेंडर परत लावलं,
दोनदा सरळ केलं,
आणि मला वाटलं,
तोही सुटला.

तिसरी बाटली. खिडकीजवळची खाट.
शेजारी स्पर्धा परीक्षेचा कुणी मुलगा, डेंगीतून उठलेला,
छातीवर उघडं पुस्तक, तोंड उघडं, गाढ.
त्याची आई लातूरला असेल, नाहीतर नांदेडला.
मी विचारलं नाही.
मलाही कुणी काही विचारलं नाही.
एसीच्या डब्यावर दोन पारवे,
खाली बस थांब्यावर धापा टाकणारी.
पंचेचाळीस मिनिटं
घरातली एकही वस्तू कुठे आहे
हे मला ठाऊक असायची गरज नव्हती.

अर्ध्यावर फोन थरथरला. दिगंबर.
उजव्या हातात सुई.
डावा मोकळा होता.
वाजू दिला.
थांबला, पुन्हा वाजला, थांबला.
मग मेसेज : हिंग कुठेय?
थेंब. थेंब.
पाच-सात मिनिटांनी दुसरा : सापडला.

पाटीवर लिहिलं होतं तसंच केलं मी.
बाटली संपेपर्यंत
कुणालाही हाक मारली नाही.